चीफ साहेबांची सामोअन

आमचे घरमालक चीफ बातमी सांगायचे ती उलट्या बाजूने. सकाळी मी सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभा असायचो. ते आत यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "गेले."

मी कप खाली ठेवायचो. "कोण गेले?"

ते चष्मा काढायचे, गंजीफ्रॉकच्या टोकाने पुसायचे, पुन्हा लावायचे. मग, "समोरचे मिस्टर टॅन. पेनांगला. नातवाच्या वाढदिवसाला."

"अहो, आधी माणूस सांगावा," काकू गॅसपाशी उभ्या राहून, मागे न बघता म्हणायच्या. "अर्ध्या मिनिटात मी त्यांच्या बायकोला भेटायला कुठली साडी नेसायची ते ठरवलं."

"सामोअन भाषेत क्रियापद आधी येतं," चीफ शांतपणे सांगायचे. "काय झालं ते आधी. कोणाचं झालं ते मागून. जहाजावर हीच पद्धत बरी. 'फुटला' म्हटलं की माणूस पळायला लागतो. काय फुटलं ते त्याला वाटेत कळतं."

एकदा ते बाल्कनीतून नुसतंच "पेटले" म्हणाले. काकूंनी गॅस बंद केला, मी बाथरूममधली बादली उचलली. पेटले होते ते खाली मुलांनी लावलेले कागदी कंदील.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. मूळचे देवरुखचे. तीसेक वर्षं समुद्रावर काढून निवृत्त झाले आणि सिंगापूरलाच राहिले, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार हे एकच शहर त्यांनी इंजिन रूमच्या बाहेर येऊन नीट पाहिलं होतं. मुलगी लग्न करून कॅनडात गेल्यावर एक खोली रिकामी झाली. ती भाड्याने द्यायची त्यांनी ठरवलं आणि भाडेकरूची रीतसर मुलाखत ठेवली.

मी नुकताच पुण्याहून आलो होतो. बुओना व्हिस्टाला ऑफिस, हातात इथे नोकरी करायचा नवाकोरा एम्प्लॉयमेंट पास, आणि आठवडाभर हॉटेलात राहून कंटाळलेला. मला वाटलं, पगार विचारतील, स्वयंपाक करणार का विचारतील. त्यांनी विचारलं, "इंग्रजीत 'आम्ही'ला काय म्हणतात?"

"वी."

"आणि 'आपण'ला?"

"वी."

"मग इंग्रज माणूस तुला म्हणाला, 'वी आर गोइंग फॉर डिनर', तर तू बूट घालणार की नाही?"

मी गप्प बसलो. ह्या प्रश्नाला उत्तर असेल असं मला वाटलं नाही. खोली मिळाली. नंतर काकूंकडून कळलं की माझ्याआधीच्या दोघांनी उत्तरं दिली होती.

ह्या प्रश्नापासूनच त्यांचं सगळं सुरू झालं होतं. ते सेकंड इंजिनिअर असताना त्यांच्या हाताखाली पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचे चार ऑइलर, म्हणजे इंजिनांचं तेलपाणी बघणारे खलाशी, होते. एकदा ह्यांनी इंग्रजीत फर्मान काढलं की जेवणानंतर आपण पंप उघडणार. जेवणानंतर एकही ऑइलर आला नाही. ह्यांनी जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा त्यातला एक जण नम्रपणे म्हणाला, "सेकंड, तुम्ही वी म्हणालात. आम्हाला धरून की आम्हाला सोडून? आमच्या भाषेत दोन शब्द आहेत." आम्हाला धरून तो 'तातोउ', सोडून तो 'मातोउ'.

"मी त्याच्याकडे बघतच राहिलो," चीफ सांगायचे. "पस्तिशीला आलो होतो. इंग्रजीला 'आपण' नाही, ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, भर समुद्रात, नारळाच्या झाडाखाली वाढलेल्या माणसाकडे माझा 'आपण' होता."

पंप त्या दिवशी तसाच राहिला. चीफनी ऑइलरकडून वीस शब्द लिहून घेतले. नंतर कुठल्याशा बंदरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मिशनऱ्यांनी लिहिलेलं सामोअन व्याकरण मिळालं, मग सामोअन बायबल मिळालं. बाकीचे लोक निवृत्तीनंतर गोल्फ खेळतात, शेअर घेतात. ह्यांनी काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड रजिस्टर घेतलं आणि त्यात सामोअन भाषेचं व्याकरण मराठीत लिहायला घेतलं. मी राहायला गेलो तेव्हा त्या कामाला वीस वर्षं होत आली होती. हे पुस्तक कोण वाचणार, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नसे. विचारला असता तर चीफनी 'वाचणार' हे क्रियापद आधी घेतलं असतं.

रविवारी मला शिकवणी असायची. "मुलगा धावला," ते म्हणायचे. "आता आंबा खायला घाल त्याला."

"मुलाने आंबा खाल्ला."

"बघ. धावला तर नुसता मुलगा. खाल्ला तर मुला-ने. हा 'ने' कुठून आला? इंग्रजाला विचार, तो म्हणेल, बॉय तो बॉयच. सामोअनला विचार. तो बरोब्बर तिथेच एक 'ए' लावतो. धावताना लावत नाही, खाताना लावतो." आणि मग एखाद्या लांबच्या नातेवाइकाची ओळख पटल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

सामोअन भाषेत 'माझं' म्हणायच्या दोन तऱ्हा असतात. जे आपल्या हातात असतं, म्हणजे पेन, जेवण, त्याचं 'माझं' वेगळं, 'लाउ'. आणि जे आपल्या हातात नसतं, ज्याच्यात आपण असतो किंवा ज्याच्यातून आपण येतो, म्हणजे घर, होडी, आईवडील, त्याचं 'माझं' वेगळं, 'लोउ'. चीफनी सरावासाठी घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. डब्यांवर 'लाउ', दारावर 'लोउ'. माझ्या खोलीच्या दारावरही 'लोउ' होतं. मी म्हटलं, "मी तर भाडेकरू आहे."

"घर कोणाच्याच हातात नसतं," ते म्हणाले. "व्याकरणाला भाडं कळत नाही."

काकू सांगलीच्या. हे सगळं त्या दुरून बघायच्या. सामोअनमध्ये 'अलु' म्हणजे जाणे, हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अळूचं फदफदं करतात," आणि तिथे त्यांचा अभ्यास संपला. चीफच्या चिठ्ठ्याही काकूंना हव्या तिथेच राहायच्या. मिसळणाच्या डब्यावरची त्यांनी काढून कॅलेंडरवर चिकटवली होती.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत चीफचं भाषण ठरलं. ठरलं म्हणजे, एका गायिकेचा घसा बसला आणि पंचवीस मिनिटं रिकामी राहिली. विषय, सामोअन वाक्यरचनेची ओळख. चीफनी तीन आठवडे तयारी केली, पांढरा शर्ट कडक इस्त्री करून आणला. लहान मुलांचं नृत्य आधी होतं आणि जेवण नंतर. नृत्य संपल्यावर मुलांचे आईबाप मुलांना घेऊन कपडे बदलायला गेले, आणि जेवणाची रांग आधीच लागली. खुर्च्यांवर आम्ही अकरा जण उरलो, त्यातले दोघे साउंडवाले.

तरी चीफ छान बोलले. उगाच नाही सांगत. शेवटी त्यांनी समोर बसलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीला विचारलं, "बाळ, 'आपण जेवू' आणि 'आम्ही जेवू' ह्यात फरक काय?"

मुलीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "अंकल, बोथ ऑल्सो सेम लाह."

लोक हसले. एका गृहस्थांनी विचारलं की ही भाषा शिकून मुलांना युनिव्हर्सिटीत काही जादा मार्क मिळतात का. चीफ म्हणाले, "चौकशी करतो." घरी आल्यावर रजिस्टर पिशवीतून काढून त्यांनी कपाटात वर ठेवलं, इस्त्रीच्या चादरीखाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसून म्हणाले, "मिस्टर टॅन परत आले."

कर्ता आधी. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

महिनाभर हे असंच सरळ मराठी चाललं. आम्हाला बातम्या लगेच कळायच्या आणि घरात काही मजा राहिली नव्हती.

मग एका रविवारी सकाळी फोन आला. बंदरावर जहाजांची कामं बघणारा एक एजंट होता, नाशिककडचा, चीफच्या ओळखीचा. एका मालवाहू जहाजावरून एका खलाशाला उतरवून हॉस्पिटलात आणलं होतं. पोटात भयंकर दुखत होतं. अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन करायला हवं होतं आणि तो सहीच करत नव्हता. जहाजापुरतं इंग्रजी त्याला येत होतं, पण आता तो काहीच बोलत नव्हता, नुसती मान हलवत होता. दुभाषा मिळत नव्हता. "चीफ, तो सामोआचा आहे," एजंट म्हणाला. "ते तुमचंच ना?"

चीफनी फोन ठेवला. मग त्यांनी भाषणातला तो पांढरा शर्ट चढवला, स्टुलावर चढून रजिस्टर काढलं आणि मला म्हणाले, "निघालो आपण." टॅक्सीत ते रजिस्टराची पानं उलटत होते. "मी खऱ्या सामोअन माणसाशी वीस-बावीस वर्षांत बोललेलो नाही," ते म्हणाले. "लिहिलंय फक्त."

खलाशाचं नाव फेतू. पन्नाशीचा, दारासारखा रुंद माणूस, आणि कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. शेजारी एक तरुण चिनी डॉक्टर हातात फॉर्म घेऊन उभी होती. "अंकल, यू कॅन टॉक टू हिम ऑर नॉट?" तिने विचारलं. चीफ पुढे झाले, रजिस्टर छातीशी धरलं आणि वीस वर्षं घोटलेल्या सामोअनमध्ये बोलायला लागले. क्रियापद आधी, 'ए' जिथल्या तिथे. मला एक शब्दही कळला नाही, पण ऐकायला फार सुंदर वाटलं.

फेतूने डोळे उघडले. चीफकडे बघितलं, पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, काळ्या जाड पुस्तकाकडे बघितलं. मग त्याने हात जोडले आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. तो पुटपुटायला लागला. चीफचा चेहरा उजळला, कारण तो काय म्हणतोय ते त्यांना पाठ होतं. तेही त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणायला लागले. दोघांचं एकत्र चांगलं मिनिटभर चाललं.

"अंकल, व्हॉट इज ही सेइंग?" डॉक्टरने विचारलं.

"प्रेअर," चीफ म्हणाले, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर थांबले.

फेतूने त्यांचा हात धरला आणि इंग्रजीत विचारलं, "फादर, हाउ मेनी अवर्स आय हॅव?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सामोअन लोक एकच भाषा दोन तऱ्हांनी बोलतात. चर्चमध्ये, सभेत 'त'ने बोलतात. घरी, बोटीवर, मित्रांत त्याच शब्दांत 'त'चा 'क' होतो. चीफना हे माहीत होतं, त्यांनी त्यावर नवव्या प्रकरणात दीड पान लिहिलं होतं. पण त्यांची सगळी भाषा बायबलातून आलेली. रविवारची सकाळ, पांढरा शर्ट, काळं पुस्तक, आणि असं शुद्ध बोलणं. मरणाऱ्या माणसाला निरोप द्यायला पाद्री आलाय, असं फेतूला वाटलं ह्यात त्याची काहीच चूक नव्हती.

चीफ पांढरे पडले. ते "नो, नो, अपेंडिक्स" म्हणाले, त्याने फेतू आणखी रडायला लागला. मग चीफनी डोळे मिटले, बरंच खोल कुठेतरी गेल्यासारखे उभे राहिले आणि एक वाक्य म्हणाले. त्यात 'क' पुष्कळ होते. त्या जुन्या ऑइलरने पंपाचा नट हातातून निसटला की म्हणायचं म्हणून शिकवलेलं ते वाक्य होतं. मी त्याचा अर्थ नंतर विचारला आणि तो इथे लिहिता येणार नाही.

फेतूचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तो चीफकडे बघत राहिला. मग पोट धरून हसायला लागला, आणि हसल्यावर आणखी दुखलं म्हणून ओरडायला लागला. "यू नॉट फादर," तो म्हणाला.

"चीफ इंजिनिअर," चीफ म्हणाले.

पुढचं सोपं झालं. डॉक्टर म्हणाली, "टेल हिम वी विल टेक आउट द अपेंडिक्स. व्हेरी कॉमन." चीफनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्याकडे वळले. "डॉक्टर, धिस 'वी'. पेशंट इनसाइड, ऑर पेशंट आउटसाइड?"

तिने फॉर्म खाली केला. "अंकल, पेशंट मस्ट बी इनसाइड लाह. अदरवाइज हाउ टू ऑपरेट?"

फेतूने सही केली. तासाभराने ऑपरेशन झालं आणि नीट झालं.

घरी आल्यावर चीफ सोफ्यावर बसले, रजिस्टर मांडीवर. "वीस वर्षं," ते म्हणाले, "मी पाद्र्याची भाषा शिकत होतो. एका माणसाला मी आज जवळजवळ घाबरवून मारला."

"वाचवलात," काकू म्हणाल्या. "आणि तो हॉस्पिटलातून सुटल्यावर जाणार कुठे?"

विमानात बसायची परवानगी मिळेपर्यंत दोन आठवडे होते. एजंट हॉटेल बघत होता. काकूंनी त्याला फोन करून सांगितलं की टाके घातलेल्या माणसाला हॉटेलातला नाश्ता घालणारे तुम्ही कोण, आणि फेतू आमच्या हॉलमधल्या दिवाणावर आला. त्याचे पाय घोट्यापासून पुढे बाहेर राहायचे.

ते दोन आठवडे मी ऑफिसातून वेळेवर घरी येत असे. चीफ एकेक उदाहरण वाचायचे आणि फेतू ऐकायचा. मुलाने कुत्र्याला मारलं, असं एक वाक्य होतं. "व्हाय?" फेतूने विचारलं. चीफ म्हणाले, व्याकरणासाठी. फेतूला ते पटलं नाही. कित्येक वाक्यं ऐकून तो म्हणायचा, "व्हेरी गुड. नोबडी से." चीफ लाल पेनाने काट मारायचे. पंधरा दिवसांत रजिस्टराचा तिसरा हिस्सा लाल झाला आणि माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते चहाला बसून म्हणाले, "पडला," आणि मी आणि काकू फेतूच्या दिवाणाकडे धावलो. पाऊस होता.

पण गंमत काकूंची झाली. फेतू जेवायला बसला की सगळ्यांकडे बघून काहीतरी म्हणायचा, आणि त्यात 'काकोउ' यायचं. काकू लगेच स्वयंपाकघरातून "आले रे," म्हणून यायच्या. भात वाढायच्या. पुन्हा 'काकोउ'. पुन्हा भात. चौथ्या दिवशी फेतूला बसवेना इतका भात झाला, तेव्हा चीफनी खुलासा केला. "अगं, तो तुला हाक मारत नाहीये. 'तातोउ'चं बोलण्यात 'काकोउ' होतं. तो 'आपण' म्हणतोय. आपण सगळे बसू या, असं."

काकूंनी थोडा विचार केला. "मग मी बसू का?" म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून त्या वाढून झाल्यावर मागून न जेवता आमच्याबरोबर बसायला लागल्या. एवढ्या वर्षांत चीफनी हे त्यांना मराठीत किती वेळा सांगितलं असेल.

फेतू गेला तोवर काकूंना सामोअन येत होतं. व्याकरण त्यात औषधालाही नव्हतं. दोन शब्द सामोअन, एक मराठी, आणि उरलेलं हातांनी. फेतूची बायको तिकडून व्हिडिओ कॉल करायची आणि ह्या दोघी तासभर हसत बसायच्या. मागे चीफ उभे असायचे, चेहरा ठणकत्या दाढेच्या माणसासारखा. एकदा न राहवून त्यांनी पुढे होऊन एक निर्दोष वाक्य म्हटलं. पलीकडची बाई एकदम ताठ बसली, झग्याची गळपट्टी सारखी केली आणि गंभीर झाली. मग हळूच काकूंना काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" चीफनी विचारलं.

"विचारतेय, कोणी वारलं का."

पुढे माझं लग्न झालं, मी मरीन परेडला फ्लॅट घेतला, पण रविवारची शिकवणी सुटली नाही. गेल्या वर्षी फेतूच्या मुलीचं लग्न ठरलं. काकूंनी फोनवर परस्पर होकार देऊन टाकला आणि मग चीफना सांगितलं. ते पंचाहत्तरीला आले होते, सामोआ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चांगीला सोडायला मीच गेलो. दोन विमानं बदलून जायचं होतं. पासपोर्ट काकूंकडे होते, रजिस्टर चीफच्या हातात. "तिथे गेल्यावर मी तोंड उघडणार नाही," ते मला म्हणाले. "लग्नघर आहे. उगाच सुतक वाटायला नको."

तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा मी घरी गेलो. चीफ अजून झोपले होते. काकूंनी चहा टाकता टाकता सगळं सांगितलं.

लग्नात म्हणे आशीर्वादाचं बोलायला जो म्हातारा येणार होता त्याची होडी पलीकडच्या बेटावर अडकली. लोक खोळंबले. तेव्हा फेतू उठला आणि त्याने सरळ चीफच्या दंडाला धरून त्यांना मध्ये नेऊन उभं केलं. चीफनी त्याच्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काकूंनी मानेने हो म्हटलं. मग ते बोलले. दहा मिनिटं, रजिस्टर न उघडता. 'त' सगळे जागच्या जागी. कोणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या, आणि ह्या वेळी ते रडणं जिथे पाहिजे तिथलं होतं. म्हणे इतकं चांगलं सामोअन आता तिथल्या तरुण पोरांना बोलता येत नाही.

"मला त्यातलं निम्मं कळलं," काकू म्हणाल्या. "आणि ते अर्धं ऐकूनसुद्धा मला वाटलं, ह्या माणसाशी मी लग्न केलंय." हे बोलून त्या चटकन गाळणी शोधायला वळल्या.

मी विचारलं, "मग पुढे काय झालं?"

"पुढे जेवणं झाली. जेवताना फेतूच्या मामाने त्याला विचारलं, हे पाद्री कुठल्या चर्चचे?"

"आणि?"

"फेतू म्हणाला, इंजिन रूमचे."